मूत्रपिंडाचा विकार आणि स्नायूंची झीज

(उंब्रज येथे पंचायत सदस्य, शिक्षक व आरोग्य कर्मचारी यांच्यापुढे केलेले भाषण)



कृष्णा-तारळीच्या संगमावरील या गावात अन्नाची वाण नाही. तरीही मूत्रपिंडाच्या रुग्णाचे दंड आणि मांड्या भरल्या घरात बारीक होत जातात. ही झीज केवळ कमी खाण्याने होत नाही. मूत्रपिंडे दुबळी झाली की रक्तातील आम्लता वाढते आणि स्नायूंतील प्रथिनांचे विघटन होऊ लागते. अन्नावरची वासना उडते ती वेगळीच. तज्ज्ञांनी २००८ मध्ये या अवस्थेस प्रथिन-ऊर्जा क्षय अशा अर्थाचे स्वतंत्र नाव सुचविले. अंगावरील सुजेमुळे वजनकाटा मात्र फसवितो. रुग्णाला पूर्वीसारखे जमिनीवरून उठता येते काय, हे पाहणे अधिक उपयोगाचे.

खरा घोटाळा पथ्यात होतो. डायलिसिसपूर्वीच्या अवस्थेत प्रथिने मर्यादित ठेवतात. मधुमेह नसलेल्या प्रौढास, वैद्यकीय देखरेखीखाली, वजनाच्या दर किलोमागे ०.५५ ते ०.६० ग्रॅम. डायलिसिस सुरू झाल्यावर हेच प्रमाण १ ते १.२ ग्रॅमवर जाते, कारण प्रत्येक खेपेस अमिनो आम्ले वाहून जातात. म्हणजे ५० किलोच्या माणसास आधी सुमारे ३० ग्रॅम, नंतर ५० ते ६० ग्रॅम! पण "डाळ बंद" हे जुने पथ्य घरातील माणसे निष्ठेने चालवीतच राहतात. त्यांचा काय दोष? पथ्य बदलले, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

शिवाय प्रथिने कमी करावयाची म्हणजे उपाशी राहावयाचे नव्हे. दर किलोमागे २५ ते ३५ कॅलरी मिळाल्या नाहीत तर शरीर स्वतःचेच स्नायू जाळते. भात, भाकरी, बेताचे तेल यांतून ती भरपाई होते. डायलिसिसच्या रुग्णास अंडे उत्तम. एकात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात आणि पांढऱ्या भागात फॉस्फरस अगदी थोडा. भाजी चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकल्यास पोटॅशियम घटते. समाचारास येणारा पाहुणा हौसेने शहाळे आणतो. पोटॅशियम वाढलेल्या रुग्णाच्या ते हृदयावर बेतू शकते. पोटॅशियमयुक्त 'कमी सोडियमचे' मीठही तसेच.

राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ मध्ये जाहीर झाला; महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही हा उपचार आहे. यंत्राची सोय झाली, डब्याची राहिली. कराड-साताऱ्यास एस.टी.ने जाणाऱ्या रुग्णाचा अर्धा दिवस उपाशी जातो. आशाताईंनी घरभेटीत आहाराचा तक्ता मागून पाहावा. तो डायलिसिसपूर्वीचा असेल, तर पुढच्या खेपेस नवा लिहून आणण्यास सांगावे.