जवानाच्या प्रेमाचं पंचांग

गणवेशातला नायक असलेल्या प्रेमकथा हल्ली पुस्तकांतून आणि मोबाईलवरूनही पुष्कळ वाचल्या जातात. त्यांचा साचा ठरलेला असतो. दोघांची मनं जुळलेली असतात, मध्ये कुणी खलपुरुष नसतो, घरच्यांचा विरोधही फारसा नसतो. आड येते ती फक्त वेळ. ती होकार द्यायला येते, तर आदल्या रात्रीच त्याची पलटण हललेली असते. तो रजेवर येतो, तर ती परीक्षेसाठी परगावी. पत्र पोचतं, तोवर त्याचा पत्ता बदललेला. एकदा झालं, दोनदा झालं, तिसऱ्या-चौथ्या वेळी तसंच झालं की वाचक पुस्तक मिटतो आणि म्हणतो, "काहीतरीच! इतक्यांदा का कुठं वेळ चुकते?"

या प्रश्नाचं उत्तर आपल्या भंडारा जिल्ह्यात, ज्या घरचा मुलगा फौजेत आहे अशा कोणत्याही घरी मिळेल. तिथं वेळ चुकते ती योगायोगानं नव्हे. गावाचं एक पंचांग असतं आणि पलटणीचं दुसरं. या दोहोंची गाठ क्वचितच पडते. आज मला या दोन पंचांगांविषयी, आणि त्यांच्या कात्रीत सापडूनही प्रेम टिकवून धरणाऱ्या माणसांविषयी बोलायचं आहे.

आधी गावाचं पंचांग पाहू. आपला जिल्हा धानाचा. मृगाचा पाऊस झाला की पऱ्हे टाकायचे, आषाढ-श्रावणात बांधीत चिखल करून रोवणी करायची. हलकं धान दिवाळीच्या आधी कापायला येतं, भारी धान नंतर. घरात धान्य आलं, हातात चार पैसे आले, की गावोगाव मंडई भरते. रात्री दंडार होते, नाटक होतं. लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात, पाहुण्यांनी घर भरलेलं असतं, आणि सोयरिकीची पहिली बोलणीही बहुधा तिथंच निघतात. लग्नाचे मुहूर्त पुढं उन्हाळ्यात. म्हणजे मुलगा घरी हवा तो रोवणीला, मंडईला आणि उन्हाळ्यातल्या लग्नसराईला.

आता पलटणीचं पंचांग. जवानाला वर्षाकाठी साठ दिवसांची वार्षिक रजा आणि तीस दिवसांची नैमित्तिक रजा मिळते. ऐकायला ही पुष्कळ वाटते. पण सगळ्यांना एकाच वेळी सोडून चालत नाही. म्हणून रजा पाळीपाळीनं मिळते. दिवाळी सगळ्यांनाच हवी असते, ती थोड्यांच्याच वाट्याला येते. पहाडावरच्या काही चौक्या हिवाळ्यात बर्फानं तुटतात. तिथल्या जवानानं रजेवर निघायचं ते बर्फ पडण्याआधी, नाहीतर बर्फ वितळल्यावर. गावात मंडई रंगात आलेली असते तेव्हा तो तिकडं वर अडकलेला असतो. पुढं वाट मोकळी होते, तो जम्मूहून गाड्या बदलत वरठीच्या स्टेशनावर उतरतो, तेव्हा जिच्याविषयी बोलणं चाललं होतं तिच्या घरी दुसरं स्थळ येऊन बसलेलं असतं. यात कुणाचा दोष म्हणावा?

पूर्वी ही दोन पंचांगं इतकी वेगळी नव्हती. मराठी फौज दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडे आणि पावसाळ्याच्या तोंडाशी बहुधा घराकडं वळे. घोड्यावरचा शिलेदार आणि नांगरावरचा कुणबी पुष्कळदा एकच माणूस असे. त्यामुळं घरात वाट पाहणारीला निदान महिने मोजता येत. तरीही होनाजी, रामजोशी, प्रभाकर यांच्या काळची लावणी स्वारीवर गेलेल्या धन्यासाठी झुरणाऱ्या स्त्रीनं भरलेली आहे. महिने मोजता येत असताना ही स्थिती! मग ज्यांना महिनेही मोजता येत नाहीत त्यांचं काय होत असेल?

या विसाव्या शतकातल्या जवानाच्या घरापाशी पोस्टमनचं महत्त्व मोठं होतं. जवानाच्या पत्त्यात नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि शेवटी "मार्फत ५६ ए.पी.ओ." किंवा "९९ ए.पी.ओ." एवढंच असे. गावाचं नाव नाही, प्रांताचं नाव नाही. सुरक्षिततेसाठी ते आवश्यकच होतं. पण नव्या नवरीनं आपलं मन नेमकं कुठं पाठवायचं? पत्र तिला स्वतःला वाचता आलं तर ठीक. नाहीतर ते दीर मोठ्यानं वाचून दाखवी, आणि मग त्यात शेतीची, बैलांची, वडिलांच्या खोकल्याची चौकशी असे. तिच्यासाठी "घरी सर्वांस नमस्कार" यातल्या "सर्वांस" या शब्दात जेवढी जागा उरेल तेवढीच. मनीऑर्डरच्या कुपनावरच्या दोन ओळींतही ती आपला वाटा शोधत असे. १९५७ साली विविध भारती सुरू झाली आणि फौजी भावांच्या पसंतीची गाणी 'जयमाला' कार्यक्रमातून वाजू लागली, तेव्हा कितीतरी घरांत ते गाणं म्हणजेच पत्र झालं. ते मोठ्यानं लागलं तरी कुणाला कळत नसे की ते कुणासाठी आहे.

आणि तार! "आई अत्यवस्थ, ताबडतोब निघा." रजा मिळवायची तर पलटणीत अशी तार दाखवावी लागे. काहींनी खोट्या तारा पाठवल्या, आणि मग खरी तारही संशयानं वाचली जाऊ लागली. जुलै २०१३ मध्ये आपल्या देशातली तारसेवा बंद झाली. अखेरच्या काळातही तिच्या थोड्या गिऱ्हाइकांत फौजेतले लोक होते.

आता एक खरी हकीकत सांगतो. पण त्याआधी एका जुन्या कथेची आठवण द्यायला हवी, कारण ती आपल्या विदर्भाचीच आहे. दमयंती ही विदर्भाच्या भीमराजाची कन्या. द्यूतात राज्य हरलेला नल तिला अरण्यात निजलेली टाकून गेला. इथपर्यंत आपल्या सर्वांना आठवतं. पुढचं आपण विसरतो. माहेरी आल्यावर ती रडत बसली नाही. तिनं देशोदेशी माणसं पाठवली, नलालाच उमगेल असा प्रश्न त्यांच्या तोंडी दिला. अयोध्येच्या राजाकडं एक सारथी आहे आणि त्यानं त्या प्रश्नाला उत्तर दिलं, असं कळताच तिनं निरोप धाडला की दमयंतीचं दुसरं स्वयंवर उद्याच आहे. एका दिवसात एवढी वाट रथानं कापणारा माणूस पृथ्वीवर एकच होता. ज्या वेळेनं दोघांची ताटातूट केली होती, त्याच वेळेला तिनं कामाला लावलं.

आमच्या काळातही एक दमयंती झाली. दमयंती तांबे या बॅडमिंटनमधल्या राष्ट्रीय विजेत्या. १९७० सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांचे पती फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे हे वायुदलात लढाऊ वैमानिक होते. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. ३ डिसेंबर १९७१ ला युद्धाला तोंड लागलं आणि पहिल्या काही दिवसांतच विजय तांबे यांचं सुखोई विमान पाकिस्तानात शोरकोटच्या मोहिमेवरून परतलं नाही. त्याच सुमारास ढाक्याच्या एका इंग्रजी वृत्तपत्रात पकडलेल्या भारतीय वैमानिकांची बातमी आली. तीत "टॉम्बे" असं एक नाव होतं.

सोळा डिसेंबरला युद्ध संपलं. पुढं सिमला करार झाला, युद्धकैद्यांची देवाणघेवाण झाली. परत आलेल्यांत तांबे नव्हते. पाकिस्ताननं असे कैदी आपल्याकडं नाहीत असंच सांगितलं. आपल्या सरकारच्या यादीत मात्र बेपत्ता सैनिकांमध्ये त्यांचं नाव राहिलं; चोपन्न जणांची ती यादी पुष्कळांना ठाऊक आहे.

या बाईंनी काय केलं? दुसरं लग्न केलं नाही. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात क्रीडा विभागात नोकरी केली, मुलामुलींना खेळ शिकवला, आणि वर्षानुवर्षं कचेऱ्यांची दारं ठोठावली. २००७ साली बेपत्ता सैनिकांचे चौदा नातेवाईक पाकिस्तानातले तुरुंग पाहून आले. त्यांत त्या होत्या. हाती काही लागलं नाही. लग्नाचे दिवस दीड वर्षाचे, आणि वाट पाहण्याचे छत्तीस वर्षांचे, तेही तेव्हाच. कोणत्या कादंबरीकारानं एवढं लिहिण्याचं धाडस केलं असतं? वाचकानं त्याला "अतिशयोक्ती" म्हटलं असतं.

मला या हकीकतीतून एक गोष्ट दिसते. वाट पाहणं हे काम आहे. आपण ते नशीब समजतो आणि बाईच्या पदरात टाकून मोकळे होतो. दोन्ही दमयंतींनी ते काम म्हणून केलं.

आता आजचं पाहू. हातात मोबाईल आला, तेव्हा वाटलं की ताटातूट संपली. थोडी कमी झाली हे खरंच. चेहरा दिसतो, आवाज ऐकू येतो. पण जिथं फोन लागत नाही किंवा लावायचा नाही अशा जागा अजून आहेत. फोन रोज लागण्याची सवय झाली की एक दिवस न लागणं पूर्वीच्या महिन्याइतकं जड होतं. शिवाय २०२२ पासून अग्निवीर भरती आली. भरतीच्या वेळी मुलगा अविवाहित हवा, सेवा चार वर्षांची, रजा वर्षाला तीस दिवसांची, आणि चार वर्षांनी पंचवीस टक्क्यांपर्यंतच मुलं कायम होणार. म्हणजे अठरा-एकोणीस वर्षांच्या ज्या मुलीनं मनात कुणाला धरलं आहे तिला घरचे विचारणार, "चार वर्षांनी त्याचं काय?" तिच्यापाशी उत्तर नसतं, त्याच्यापाशीही नसतं. वेळ चुकण्याची ही अगदी नवी तऱ्हा आहे.

मे २०२५ मध्ये सीमेवर लढाई पेटली तेव्हा रजा रद्द झाल्या. लग्न होऊन दोन-चार दिवस झालेले जवान परत निघाल्याच्या बातम्या महाराष्ट्रातल्या वृत्तपत्रांत आल्या. दहा मेला गोळीबार थांबला. पण अशा वेळी गावात एक कुजबूज निघते, ती आपण सर्वांनी ऐकलेली आहे. "सून घरात आली आणि पोराला बोलावणं आलं; पायगुण बरा नाही." श्रोतेहो, बोलावणं सैन्याच्या मुख्यालयातून येतं, नवरीच्या पायातून येत नाही. नवरा सीमेवर, आणि घरात हा टोमणा. त्या पोरीला दोन आघाड्यांवर एकटीनं लढायला लावणारे आपण कोण?

म्हणून तीन साध्या गोष्टी सुचवतो. जवानाचं लग्न ठरवायचं तर त्याच्या रजेवरून मुहूर्त काढा. मुहूर्तावरून रजा मिळत नसते. तारीख पुढं गेली तर सोयरीक मोडण्याची घाई करू नका. मुलीलाही विचारा, तिला थांबायचं आहे का. तिला थांबायचं नसेल तर तेही मोकळेपणी मान्य करा, कारण जबरदस्तीचं थांबणं हे प्रेम नव्हे. आणि लग्न झालेलं असेल तर तिचा फोन तिचाच असू द्या, बँकेचं खातं तिच्या नावानं असू द्या. काही अडचण आली तर भंडाऱ्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. तिथं तिला स्वतःला जाता यावं, दिरामार्फत नव्हे.

रोवणीच्या दिवसांत शेजाऱ्याचा एक हात त्या घरच्या बांधीत लागला, तर रजा हुकलेल्या मुलाला तिकडं चौकीवर झोप लागेल. आपल्या जिल्ह्यात रोवणी अजूनही एकट्याची नसते. मग वाट पाहणं तरी एकटीचं का असावं?