रडू आणि कळ



दिवसभर यंत्रापुढे उभा राहून अंग आंबलेला माणूस रात्री पुन्हा पदरचे पैसे मोजून दुसऱ्याचे दुःख पाहावयास का जातो, हा प्रश्न आम्हां कामगार चळवळीतल्या लोकांना जुनाच आहे. 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आले. सिंधूचे हाल पाहून पुढे किती पिढ्यांचे पदर ओले झाले! परळच्या दामोदर नाट्यगृहात गिरणी कामगारही असेच रडले. शिकलेली मंडळी याला भाबडेपणा म्हणत आली.

ऑक्सफर्डचे रॉबिन डनबार आणि त्यांचे सहकारी यांनी २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. रस्त्यावर दिवस काढणाऱ्या, व्यसनात बुडालेल्या एका खऱ्याखुऱ्या माणसाच्या आयुष्यावरचा इंग्रजी चित्रपट त्यांनी १६९ जणांना दाखविला. इतर ६८ जणांना माहितीपट. आधी आणि नंतर प्रत्येकाला भिंतीला पाठ लावून, खुर्ची नसता खुर्चीत बसल्यासारखे बसावयास लावले. (आमच्या शाळेत मास्तर हीच शिक्षा देत, तिला प्रयोग म्हणतात हे तेव्हा ठाऊक नव्हते.) करुण कथा पाहिलेल्यांची कळ सोसण्याची शक्ती सरासरीने सुमारे १३ टक्क्यांनी वाढली, दुसऱ्या गटाची थोडी घटलीच. शरीर स्वतःच तयार करते ती अफूसारखी द्रव्ये, म्हणजे एन्डॉर्फिन, या भावनावेगात सुटत असावीत, असा त्यांचा तर्क. तर्कच म्हणावयाचा, कारण ती द्रव्ये प्रत्यक्ष मोजलेली नव्हती. शिवाय हा परिणाम सर्वांवर सारखा झाला नाही. पण ज्यांची सहनशक्ती वाढली, त्यांना शेजारी बसून पाहणारी अनोळखी माणसेही अधिक जवळची वाटू लागली. आम्हांला यातले हेच अधिक मोलाचे वाटते. युनियनची सभा भरविणाऱ्याला विचारा, अनोळखी माणसे जवळ आणणे किती कठीण असते ते!

मात्र एक धोका दिसतो. उद्या एखादा मालक वर्षातून एकदा नाटकाची तिकिटे वाटील आणि पाठदुखीची तक्रार मिटली असे समजेल. प्रयोगातले मोजमाप चित्रपट संपताच झालेले आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी पाळीवर जाताना कंबर काय म्हणते, ते त्यात नाही. दुकानांत दहा-दहा तास उभ्या राहणाऱ्या बायकांची कळ उभे राहण्यातून येते. केरळात कोझिकोडच्या अशा स्त्रियांनी वर्षानुवर्षे आंदोलन केले, तेव्हा २०१८ साली बसण्याचा हक्क कायद्यात आला. तामिळनाडूत तो २०२१ साली आला. रात्री नाटकाला जाऊन त्यांनी पोटभर रडावे. दिवसा दुकानात त्यांना स्टूल हवे, आणि ते मालकाने द्यावयाचे आहे.