सुटलेले धागे

गोष्ट सांगणारा आणि गोष्ट ऐकणारा यांच्यामध्यें एक अलिखित करार असतो. सांगणाऱ्यानें प्रारंभीं जी गांठ मारली ती शेवटीं त्यानेंच सोडवावयाची, आणि तोंपर्यंत ऐकणाऱ्यानें धीर धरावयाचा, हीं त्या कराराचीं दोन कलमें होत. मुलाच्या डोळ्यांवर कितीहि झोंप आलेली असली, तरी राक्षसाचा प्राण कोणत्या पोपटांत होता हें कळल्याशिवाय तें आजीच्या मांडीवरून उठत नाहीं. आतां हाच करार एखाद्या कथाकारानें सहा वर्षें लांबविला, आणि ऐकणारे एका घरांतले नसून लक्षावधि घरांतले असले, तर काय होतें? याचें एक बोधप्रद उदाहरण अमेरिकेंत २००४ ते २०१० या काळांत घडलें. तें म्हणजे ‘लॉस्ट’ या नांवाची दूरचित्रवाणीवरील मालिका.

ही मालिका ए. बी. सी. या वाहिनीवर २२ सप्टेंबर २००४ रोजीं सुरू झाली. जे. जे. एब्रॅम्स, डेमन लिंडेलॉफ आणि जेफ्री लीबर हे तिचे जनक. पुढें लिंडेलॉफ यांच्या जोडीनें कार्ल्टन क्यूज यांनीं तिची धुरा वाहिली. सिडनीहून लॉस एंजेलिसला निघालेलें एक विमान आकाशांतच दुभंगतें आणि पॅसिफिक महासागरांतील एका अज्ञात बेटावर कोसळतें. विमानाच्या मधल्या भागांतील ४८ माणसें वांचतात. जॅक शेफर्ड नांवाचा शल्यवैद्य आपोआप त्यांचा पुढारी होतो. जॉन लॉक नांवाचा गृहस्थ सिडनींत चाकांच्या खुर्चीवांचून हलूं शकत नव्हता. बेटावर पडतांच तो उठून चालूं लागतो. पुढें आश्चर्यांची नुसती रांग लागते. उष्ण कटिबंधांतील त्या रानांत पांढरें ध्रुवीय अस्वल धांवून येतें. झाडें उन्मळून टाकणारा काळा धूर गर्जना करीत फिरतो. आणि एके दिवशीं जमिनींत गाडलेलें एक पोलादी झांकण सांपडतें. विज्ञान कोठें संपतें आणि अद्भुत कोठें सुरू होतें, हें लेखकांनीं मुद्दामच धूसर ठेविलें होतें.

या मालिकेच्या चाहत्यांचे लवकरच दोन पंथ झाले. एका पंथास माणसांची ओढ होती. जॅकचें आणि त्याच्या पित्याचें काय झालें, एकमेकांची भाषा न कळणारीं तीं माणसें एका चुलीभोंवतीं कशीं आलीं, हें त्यास हवें होतें. दुसरा पंथ धागे मोजणारांचा. प्रत्येक भाग दाखविला गेला कीं, कोणता धागा नवा निघाला, कोणता जुना पुढें सरकला आणि कोणता तसाच लोंबकळत राहिला, याचा हिशेब हीं मंडळी मांडीत. पात्रांचीं आडनांवें लॉक, ह्यूम, रूसो अशीं तत्त्वज्ञांचीं कां आहेत, यावर ते वाद घालीत. २९ मार्च २००६ रोजींच्या भागांत भुयारांतील एका दारावर, नेहमींचे दिवे गेल्यावर, एक अदृश्य नकाशा कांहीं क्षणच उजळून गेला. चाहत्यांनीं तें चित्र थांबवून, मोठें करून, त्यावरील लॅटिन वाक्यांसकट अक्षर न् अक्षर वाचून काढलें. शाळेंत ज्यांनीं एखादा उतारा दुसऱ्यांदां वाचण्याचा कंटाळा केला असेल, असे लोकहि येथें एक चित्र दहा वेळां पाहूं लागले!

या चिकाटीचें फळ त्यांस मिळालें तें अस्वलाच्या प्रकरणांत. फेब्रुवारी २००८ मध्यें ट्यूनिशियाच्या वाळवंटांत एका ध्रुवीय अस्वलाचा सांगाडा उकरून निघाल्याचें दाखविलें. त्याच्या गळपट्ट्यावर बेटावरील एका संशोधनसंस्थेची खूण होती. एप्रिलमध्यें बेन लायनस हें पात्र एकाएकीं वाळवंटांत जागें झालें, आणि त्याच्या अंगांत कडक थंडीचा जाड कोट होता. मे महिन्यांत उलगडा झाला. बेटाच्या पोटांत, हिमानें गोठलेल्या जागीं, एक मोठें चाक आहे, आणि तें फिरविणारा बेटाबाहेर फेंकला जातो. चाहत्यांनीं तिन्ही गोष्टी एकत्र ओंवल्या. थंडींत काम करणारा बलवान प्राणी हवा होता, म्हणून अस्वलें आणलीं. त्यांच्याकडून चाक फिरवून घेतलें, आणि त्यांपैकीं एक वाळवंटांत जाऊन पडलें. त्या वेळीं पडद्यावर हें कोणी स्पष्ट शब्दांत बोललें नव्हतें. सांगणाऱ्यानें मणी दिले आणि ऐकणाऱ्यानें माळ केली. कथेचा आनंद याहून निराळा तो काय असतो?

त्या संशोधनसंस्थेचें नांव भारतीय श्रोत्यास चमकविणारें आहे. तें नांव ‘धर्म’! एका लांबलचक इंग्रजी नांवाचीं आद्याक्षरें जुळवून तें बनविलें आहे, आणि संस्थेच्या माहितीपटांतला वैज्ञानिक शेवटीं ‘नमस्ते’ म्हणून निरोप घेतो. मालिकेंत पुनः पुनः येणारे सहा आंकडे आहेत: ४, ८, १५, १६, २३ आणि ४२. यांची बेरीज १०८ होते. जपमाळेच्या मण्यांची ही संख्या मराठी घरांत कोणास सांगावयास नको. या आंकड्यांचें एक स्पष्टीकरण २००६ सालीं मालिकेबाहेरील एका खेळांतून देण्यांत आलें. तें मानवजातीचा अंत वर्तविणाऱ्या एका समीकरणाचें होतें. दुसरें २०१० मध्यें मालिकेंतच आलें. बेटाच्या रक्षकानें आपल्या जागीं येऊं शकतील अशा माणसांस क्रमांक दिले होते. त्यांत लॉक ४ वा आणि जॅक २३ वा. परंतु आंकडे आधीं कीं माणसें आधीं, हा प्रश्न उरलाच, आणि चाहते आजहि त्यावर एकमत होत नाहींत.

मालिकेचा गाभा मात्र त्या पोलादी झांकणाखालीं होता. तेथें डेस्मंड ह्यूम नांवाचा एक मनुष्य दर १०८ मिनिटांनीं ते सहा आंकडे यंत्रावर टंकून एक कळ दाबीत बसला होता. कळ न दाबल्यास जगाचा नाश होईल, असें त्यास सांगण्यांत आलें होतें. लॉकची त्यावर श्रद्धा बसली. जॅकला तें थोतांड वाटलें. पुढें लॉकला दुसऱ्या एका भुयारांत असें सांगणारी चित्रफीत मिळाली कीं, हें सर्व केवळ मनुष्यस्वभावाची परीक्षा पाहण्यासाठीं रचलेलें नाटक आहे. त्याची श्रद्धा मोडली. मे २००६ मध्यें त्यानें घड्याळ शून्यावर जाऊं दिलें, आणि तेव्हां कळलें कीं, कळ खरी होती. ती एका प्रचंड विद्युच्चुंबकीय शक्तीस आवर घालीत होती. इतकेंच नव्हे, तर विमान कोसळलें त्या दिवशीं डेस्मंडला कळ दाबावयास उशीर झाला होता, हेंहि त्याच वेळीं उघड झालें. दोन वर्षांपूर्वीं मारलेली पहिली गांठ अशा रीतीनें सुटली.

या प्रसंगांत चाहत्यांस आपलेंच चित्र दिसलें असल्यास नवल नाहीं. दर आठवड्यास ठरलेल्या वेळीं तेहि एक कळ दाबीत होते, आणि पडद्यामागें खरोखर कांहीं आहे कीं आपली केवळ परीक्षा चालली आहे, ही शंका त्यांनाहि कुरतडीत होती. लेखकांनीं सारें आधीं ठरविलें आहे, असें एक म्हणे. ते दर आठवड्यास नवी थाप मारीत आहेत, असें दुसरा म्हणे. खरें पाहतां दोघेंहि अर्धेच बरोबर होते. लोकप्रिय मालिका कधीं संपवावयाची हें लेखकाच्या हातीं नसतें. जोंपर्यंत शेवट कोणत्या वर्षीं हें ठाऊक नाहीं, तोंपर्यंत मधला भाग ताणावा लागतो. मे २००७ मध्यें वाहिनीनें जाहीर केलें कीं, आणखी तीन पर्वें, एकूण ४८ भाग होऊन २०१० मध्यें मालिका संपेल. अमेरिकेंतील दूरचित्रवाणीच्या धंद्यांत यशस्वी मालिकेस तीन वर्षें आधीं मृत्युपत्र लिहून देणें ही विरळ गोष्ट होती. त्यानंतर कथेस वेग आला, हें टीकाकारांनींहि मान्य केलें.

तरीहि कांहीं धागे तुटले, आणि ते कां तुटले हें पाहण्याजोगें आहे. वॉल्ट नांवाचा एक मुलगा पहिल्या पर्वांत होता. त्याच्या अंगीं कांहीं विलक्षण शक्ति आहे, असें वारंवार सुचविलें होतें. परंतु पहिल्या तीन पर्वांत बेटावरचे जेमतेम तीन महिने उलटले, आणि तेवढ्यांत तें काम करणारा बालनट तीन वर्षांनीं वाढला. काळानें लेखकांचा हा धागा कापला. वॉल्टला बेटावरून पाठवून द्यावें लागलें. फेब्रुवारी २००९ मधील एका भागांत होडींतून जाणाऱ्या कथानायकांवर मागच्या होडींतून गोळ्या झाडल्या जातात. झाडणारे कोण, हें मालिका संपेपर्यंत कोणीच दाखविलें नाहीं. गुहेंतील दोन सांगाड्यांची तऱ्हा निराळी. २००४ मध्यें जॅकनें त्यांच्या वस्त्रांवरून अंदाज केला कीं, मृत्यूस ४०–५० वर्षें झालीं असावींत. मे २०१० मध्यें उत्तर मिळालें तें लॅटिन बोलल्या जाणाऱ्या प्राचीन काळाचें! जॅक हा शल्यवैद्य होता, वस्त्रपारखी नव्हे, असा बचाव करतां येईल. पण शिवण दिसली ती दिसलीच.

शेवटचा भाग २३ मे २०१० रोजीं दाखविला गेला. पहिल्या भागाच्या आरंभीं वेळूच्या बनांत जॅकचा डोळा उघडला होता. शेवटच्या दृश्यांत त्याच बनांत, शेजारीं एक कुत्रा येऊन पडलेला असतां, तो डोळा मिटतो. सहाव्या पर्वांत समांतर दिसणारें दुसरें जीवन हें मरणोत्तर होतें; सोबत्यांनीं एकमेकांस पुनः भेटण्यासाठीं निर्माण केलेलें तें स्थान होतें. बेटावर घडलें तें सारें खरें होतें, असें जॅकचा पिता तेथें त्यास सांगतो. असें असतां लक्षावधि प्रेक्षकांचा ग्रह झाला कीं, सर्व माणसें पहिल्याच दिवशीं मेलीं होतीं. याचें एक कारण मोठें चमत्कारिक आहे. श्रेयनामावलीच्या वेळीं वाहिनीनें समुद्रकांठावरील निर्मनुष्य अवशेषांचीं कांहीं दृश्यें जोडलीं. ताण उतरावा एवढाच तिचा हेतु होता. लोकांनीं तोच शेवटचा पुरावा मानला! तीं दृश्यें कथेचा भाग नाहींत, असा खुलासा वाहिनीस करावा लागला. परंतु एकदां पसरलेला गैरसमज खुलाशापेक्षां जलद धांवतो, आणि तो आजहि ऐकूं येतो.

मग सहा वर्षें कळ दाबणारे लोक फसले काय? या प्रश्नास एक जुनी तोड आहे. डेस्मंड ह्यूमनें डिकन्सची ‘अवर म्यूच्युअल फ्रेंड’ ही कादंबरी मरणापूर्वीं शेवटचें पुस्तक म्हणून राखून ठेविलेली असते. डिकन्सहि आपल्या कथा महिन्यामहिन्याच्या अंकांतूनच सांगत असे. १८७० सालीं तो वारला तेव्हां ‘एडविन ड्रूड’ या रहस्यकथेच्या योजलेल्या १२ अंकांपैकीं ६ च हातीं आले. ड्रूडचा खून झाला कीं नाहीं, झाला तर कोणी केला, हें सांगणारा गेला. वाचकांनीं कथा टाकून दिली नाहीं. १९१४ च्या जानेवारींत लंडनमध्यें त्यांनीं कथेंतील संशयितावर लुटुपुटीचा खटला भरविला. चेस्टरटन न्यायाधीश झाले आणि बर्नार्ड शॉ पंचांचे प्रमुख. निकाल थट्टेंत निघाला. परंतु चव्वेचाळीस वर्षांनंतर मोठमोठीं माणसें एका सुटलेल्या धाग्यासाठीं एकत्र जमलीं, ही गोष्ट थट्टेची नव्हे.

यावरून तो अलिखित करार थोडा निराळा वाचावा लागतो. प्रत्येक गांठ सोडविणें हें सांगणाऱ्याचें कर्तव्य खरेंच. त्यांत कसूर झाली तर श्रोत्यानें ती बोलून दाखवावी, आणि ‘लॉस्ट’च्या चाहत्यांनीं ती सडेतोडपणें दाखविली. पण गांठीपेक्षां मोठें असें एक देणें आहे. ज्या माणसांची काळजी करावयास त्यानें श्रोत्यास शिकविलें, त्यांस वाऱ्यावर सोडतां कामा नये.

हें लेखकांसहि उमगलें असावें. ऑगस्ट २०१० मध्यें ध्वनिचित्रमुद्रिकांच्या संचाबरोबर त्यांनीं सुमारे १२ मिनिटांचा एक पुरवणी भाग दिला. त्यांत बेन ‘धर्म’ संस्थेच्या ग्वाम येथील गोदामांत जातो. बेटावर खाद्यपेट्या पाठविण्याचें काम वर्षानुवर्षें निष्ठेनें करणारे दोन कामगार तेथें असतात. गोदाम बंद होणार हें ऐकून ते विचारतात, आम्हीं हें कशासाठीं केलें तें तरी सांगा. बेन त्यांस प्रत्येकीं एक प्रश्न विचारूं देतो, आणि अस्वलें बेटावर कशीं आलीं तें तेथें कळतें. त्या दोघांच्या तोंडून चाहतेच बोलत होते, हें कोणासहि ओळखूं यावें. तेथून बेन एका मनोरुग्णालयांत जातो. तेथें वॉल्ट आहे. तो आतां मोठा झाला आहे. आपण सांगतों तें कोणी खरें मानीत नाहीं, असें त्यास वाटतें. बाहेर गाडींत त्याचा जुना सोबती, बेटाचा नवा रक्षक हर्ली, त्याची वाट पाहत असतो. तूं वेडा नाहींस, तुझें तेथें काम आहे, असें सांगून ते त्यास परत घेऊन जातात.

होडींतून गोळ्या झाडणारे कोण, हें चाहत्यांस कधींच कळलें नाहीं. पण तो पोरका मुलगा घरीं पोहोंचला. धागे मोजणाऱ्या पंथांतील पुष्कळांनीं आपली वही तेथें मिटली असेल.