जुन्या घराला नवी खोली
(जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



देवळाच्या कामात गाभारा जागचा हलविला नाही, सभामंडप तेवढा पुढे वाढविला. घराच्या बाबतीत मात्र हा विचार मागे पडतो. सून आली, मे महिन्यात मुंबईची मंडळी उतरली की जागा अपुरी पडते हे खरेच. पण लगेच कौलारू घर पाडून सपाट स्लॅब टाकण्याची घाई होते.

महाबळेश्वर-पाचगणीचा हा मुलूख केंद्र सरकारने १७ जानेवारी २००१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला आहे. झाडतोड, उतारावरील खणती, बांधकाम यांस निर्बंध आहेत. सबब आधी कागद, मग पाया. मंजुरीवाचून उभारलेली खोली पाडण्याची नोटीस आली, तर घाम गाळून मुंबईहून पाठविलेला पैसा मातीत जातो.

कायदा बाजूला ठेवला तरी पाऊस ऐकत नाही. महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. स्लॅबवर पाणी साचते, मग त्यावर पत्र्याची शेड चढते. म्हणजे एका घराला दोन छपरे!

वाढीव खोली घराच्या मागे वा बाजूला, सपाट जागी धरावी. तिचे छप्पर जुन्या पागोळीखाली सरकेल इतके खाली ठेवावे, म्हणजे सांध्यात पाणी शिरत नाही. दोन उतार समोरासमोर आणून मध्ये पन्हळ ठेवली, की तीत पाला अडकतो आणि गळती ठरलेली. जुना पाया बसून गेलेला असतो, नवा काही वर्षे बसत राहतो. म्हणून दोन भिंती एकमेकींत गुंतवू नयेत. मध्ये फट ठेवून ती वरून झाकावी. गुंतविल्या तर तडा जातो. चुन्यामातीच्या जुन्या भिंतीस सिमेंटचा गिलावा नको. आतली ओल कोंडते आणि जांभा झिजू लागतो. जुने गवंडी हे सांगतात, पण घाईत ऐकतो कोण?

मागचा डोंगर खणून जागा करण्यापेक्षा जोते उंच घ्यावे. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरी एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. त्याच पावसात पाटण तालुक्यातील आंबेघर आणि महाड तालुक्यातील तळिये येथे दरडी घरांवर आल्या. कोणाचे घर होते, कोणाचे सारे कुटुंब.

देवळाची उतरविलेली जुनी कौले आणि चांगले वासे मागच्या बाजूस रचून ठेवले आहेत. ज्यांना खोली काढावयाची असेल, त्यांनी दिवाळीपूर्वी कमिटीकडे नाव द्यावे.