ससा आणावा की गिनीपिग?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी मला ‘घर आणि मुले’ या विषयावर चार शब्द बोलावयास सांगितले. विषय फार मोठा आहे, म्हणून त्यातला एक लहानसा तुकडाच मी घेणार आहे. गेले दोन महिने आमच्या घरी एकच वाद चालला होता. माझी आठ वर्षांची नात ससा हवा म्हणून हटून बसली होती. मग तिच्या मैत्रिणीकडे गिनीपिग आले, तेव्हा तिला तेही हवेसे वाटू लागले. निवाडा करावयाचा कोणी, तर आजीने! तो मी कसा केला तेवढे सांगते.

पण आधी एक कबुली द्यावयाची आहे. पंचवीसएक वर्षांपूर्वी माझी मुलगी अशीच लहान असताना मी मुंबईहून, क्रॉफर्ड मार्केटातून, एक पांढराशुभ्र ससा आणला. महिना मे. भर दुपारच्या लाँचने भाऊच्या धक्क्यावरून निघाले, आणि मोऱ्याला पोचेपर्यंत टोपली मांडीवर घेऊन उन्हात बसले. ससा तेवढ्यातून जगला. मी त्याला पडवीत पत्र्याखाली ठेवला. आठव्या दिवशी तो लांब पसरून पडला, भराभर श्वास घेऊ लागला. मला वाटले, स्वारी सुस्तावली आहे. मी मासळी साफ करावयास बसले. उठून पाहते तो सारा खेळ संपला होता. मुलगी शाळेतून आली तेव्हा मी तिला सांगितले, “पळाला गं, द्रोणागिरीच्या डोंगरावर गेला.” ती पुढे कितीतरी दिवस कोथिंबिरीची काडी हातात धरून संध्याकाळी दारात उभी राहत असे.

आता नातीचा हट्ट सुरू झाला तेव्हा तीच मुलगी मला म्हणाली, “आई, ह्या वेळी काय ते तूच ठरव. पण पळाला असं मात्र तिला सांगू नकोस.” त्यावर मी काय बोलणार? म्हणून ह्या खेपेला आधी माहिती मिळवली, मग निवाडा केला.

पहिली गोष्ट उन्हाची. ससा काय किंवा गिनीपिग काय, दोघांनाही आपल्यासारखा घाम येत नाही. ससा अंगातली उष्णता मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. गिनीपिगाचे तर कानही एवढेसे. पारा ३० अंशांच्या वर गेला की दोघांच्याही जिवाला धोका असतो, आणि आपल्या बंदरावरची दमट हवा तुम्हांला ठाऊकच आहे. तेव्हा पत्र्याखालची पडवी नको, गच्ची नको. घरातला सर्वांत गार, वाऱ्याचा कोपरा द्यावा. बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवावी. मासळीच्या बर्फाला आपल्याकडे काय तोटा! जनावर धापा टाकू लागले तर त्याला सावलीत न्यावे, ओल्या फडक्याने कान पुसावेत, पण बर्फाच्या पाण्यात बुडवू नये; आणि लगेच डॉक्टर गाठावा. पिंजरा ओट्यावर ठेवू नये याला आणखी एक कारण आहे. मासळीच्या गावात मांजरांना आमंत्रण लागत नाही.

दुसरी गोष्ट हाताळण्याची. ससा दिसतो कापसासारखा, पण त्याला कोणी उचललेले आवडत नाही. मूल त्याला उचलते, तो मागच्या पायांनी जोरात लाथ झाडतो, आणि त्या झटक्यात त्याचाच कणा मोडू शकतो. चित्रात दाखवतात तसा कान धरून तर कधीही उचलू नये. गिनीपिग ठेंगणा, साधारण किलोभर वजनाचा. तो सहसा चावत नाही आणि खाली बसलेल्या मुलाच्या मांडीवर स्वस्थ राहतो. भाजीची पिशवी वाजली की कुईकुई करून घर डोक्यावर घेतो. ससा बहुतेक मुकाच. भ्याला तर पाय आपटतो. पहाटे आणि तिन्हीसांजेला त्याला हुशारी येते. त्याला रोज काही तास मोकळे धावावयास हवे, आणि तेवढ्यात तो विजेच्या वायरी कुरतडणार हे धरून चालावे. त्याचा एक गुण मात्र सांगितला पाहिजे. तो शिकवल्यास ठरलेल्या कोपऱ्यातच घाण करतो. गिनीपिगाला ती शिस्त फारशी लागत नाही. झाडू आपल्या हातात असावाच लागतो.

तिसरी गोष्ट खाण्याची. दोघांचेही दात जन्मभर वाढतात, म्हणून वाळलेले गवत त्यांच्यापुढे अष्टौप्रहर हवे. वर हरळी, कोथिंबीर द्यावी. कांदा, बटाटा, शिजलेला भात, बिस्किटे देऊ नयेत. उपास घडला तर आपल्याला पुण्य लागते, पण ह्या प्राण्यांचे पोट दिवसभर थांबले तर ते मरणाच्या दारी जातात. खाणे सुटले की उद्यावर ढकलू नये. घरातले उरलेले औषध तर मुळीच पाजू नये. आपल्याला चालणाऱ्या पेनिसिलिनच्या जातीच्या गोळ्या ह्या दोघांच्या पोटात गेल्या तर जीव घेऊ शकतात.

गिनीपिगाचे आणखी एक पथ्य आहे. ससा आपल्या शरीरात क जीवनसत्त्व तयार करतो. गिनीपिगाला आणि माणसाला ते जमत नाही. पूर्वी लांबच्या सफरीवर खलाशांच्या हिरड्या सुजून रक्त येई, तो स्कर्व्हीचा रोग. नॉर्वेतील होल्स्ट आणि फ्रोलिख या शास्त्रज्ञांनी १९०७ साली गिनीपिगांना नुसत्या धान्यावर ठेवले, तेव्हा त्यांना तोच रोग झाला. म्हणून गिनीपिगाला दर किलो वजनामागे रोज १० ते ३० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पोटात जावे लागते. ढोबळी मिरचीच्या दोनतीन फोडींत ते भागते. मूळचा हा प्राणी दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाकडचा. आपल्या पेरूची लहानशी फोडही तो मिटक्या मारीत खातो.

चौथी गोष्ट सोबतीची. एकटे ठेवले तर दोघेही झुरतात. पण ससा आणि गिनीपिग एकत्र ठेवू नयेत. सशाच्या अंगावरचे काही रोगजंतू गिनीपिगाला बाधतात, आणि सशाची एक लाथ त्याला भारी पडते. एकाच जातीच्या दोन माद्या बऱ्या. नर-मादी आणलीत तर सशाला महिन्यात आणि गिनीपिगाला साधारण दोन महिन्यांत पिल्ले होतात, आणि मग आपण शेजाऱ्यांच्या दारोदार पिल्ले वाटत हिंडतो.

पाचवी गोष्ट वर्षांची. गिनीपिग पाच ते सात वर्षे जगतो, ससा आठ-दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक. आज आठ वर्षांची असलेली मुलगी तोवर कॉलेजात जाईल, आणि गवत घालावयास राहील आजी! कंटाळा आला म्हणून डोंगरावर सोडून द्यावे, तर पाळलेले जनावर तिथे जगत नाही. माळावरचा आपला रानससा निराळ्या जातीचा. त्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. त्याला पकडून घरी आणू नये.

विकत घेताना दुकानाची नोंदणी विचारावी. २०१८ च्या नियमांप्रमाणे अशा दुकानांना राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. ससे तपासणारा डॉक्टर कोण, तेही आधीच विचारून ठेवावे. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे प्राण्यांचे जुने रुग्णालय आहे. जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत लोकल झाली आहे, तेव्हा दुपारच्या लाँचमध्ये टोपली घेऊन बसण्याची पाळी आता कोणावर येऊ नये.

आता आमचा निवाडा ऐका. घरात मोठे माणूस दिवसभर असेल, जागा मोकळी असेल आणि न उचलता दुरून माया करणे जमत असेल, त्यांनी ससा आणावा. लहान मुलाचे घर असेल आणि रोज भाजी निवडताना एक वाटी बाजूला काढण्याची आठवण राहत असेल, त्यांनी गिनीपिग आणावेत. दोन्ही जमण्यासारखे नसेल त्यांनी काहीच आणू नये. त्यात कमीपणा नाही.

आमच्याकडे दिवाळीनंतर, ऊन उतरल्यावर, दोन गिनीपिग येतील. तोवर नातीने रोज सकाळी चिमण्यांसाठी पाण्याचे भांडे धुऊन भरावयाचे असे ठरले आहे. पंधरा दिवसांत ती दोनदा विसरली. तिने ते आपणहून सांगितले, म्हणून मी ते माफ केले. त्याच दिवशी मीही तिच्या आईसमोर तिला त्या सशाची खरी हकिकत सांगितली. माझी मुलगी काही बोलली नाही. उठून चहा टाकला आणि पहिला कप माझ्यापुढे ठेवला.

भगिनींनो, मुले जनावर मागतात तेव्हा त्यांना नाही म्हणणे सोपे असते, आणि हो म्हणणे त्याहूनही सोपे. पण हो म्हणण्याआधी पंधरा दिवस चौकशी करा, एवढीच माझी विनंती.