अर्भकांचा जठरनिर्गम संकोच : विकार वाढतो की नोंद?



तीन-चार आठवड्यांचे, बाळसे धरू लागलेले मूल एकाएकी प्रत्येक पाजण्यानंतर ओकू लागते. ही ओकारी जोराने दूर उडते. तीत हिरवे-पिवळे पित्त नसते. ओकून होताच मूल पुन्हा भुकेने रडते. घरातील मंडळी दूध बाधले म्हणतात, दृष्ट काढतात, घुटी देतात. तेवढ्यात आठवडा जातो. वजन घटते, लघवी कमी होते, टाळू खोल जाते. या विकारास जठरनिर्गम संकोच म्हणतात. डॉक्टरांच्या कागदावर तो ‘पायलोरिक स्टेनोसिस’ असतो. जठराच्या खालच्या तोंडाचा स्नायू जाड होऊन दूध आतड्यात उतरण्याची वाट अरुंद होते.

कोपनहेगनचे हिर्शस्प्रुंग यांनी १८८८ साली या विकाराचे स्पष्ट वर्णन केले. १९१२ मध्ये जर्मन शल्यवैद्य रामस्टेट यांनी सोपी शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली : जाड स्नायू लांबीने चिरावयाचा व आतील अस्तर अभंग ठेवावयाचे. तत्त्व आजही तेच आहे. शस्त्रक्रियेपूर्वी शरीरातील पाणी व क्षार भरून काढावे लागतात. वेळेवर आलेले मूल त्यानंतर एक-दोन दिवसांत दूध पचवू लागते. खरा धोका आहे तो विलंबाचा.

पाश्चात्त्य देशांत दर हजार जिवंत जन्मांमागे साधारणपणे दोन ते चार मुलांना हा विकार होतो. आशियाई लोकांत त्याहून कमी. मुलींपेक्षा मुलग्यांत तो सुमारे चौपट, आणि पहिल्या अपत्यात अधिक आढळतो. हे प्रमाण स्थिरही नाही. स्वीडनमध्ये १९९० च्या दशकात ते घटले. डेन्मार्कमधील पाहणीत बाटलीने दूध घेणाऱ्या अर्भकांत धोका अधिक दिसला. जन्मानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत दिलेल्या एरिथ्रोमायसिन औषधाशीही त्याचा संबंध आढळला आहे. तथापि, सर्व चढउतारांचे एकच कारण सिद्ध झालेले नाही. त्या देशांना हे चढउतार दिसले, कारण तेथे जन्माची नोंद आणि शस्त्रक्रियेची नोंद एकमेकींशी जोडता येते.

ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरात हीच जोडणी अवघड आहे. शहापूर-मुरबाडकडील मूल कल्याणच्या रुक्मिणीबाई रुग्णालयात येईल, कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात जाईल, किंवा लोकलने थेट परळच्या वाडिया बालरुग्णालयात पोहोचेल. शस्त्रक्रिया मुंबईच्या नोंदवहीत चढेल, गाव मात्र ठाणे जिल्ह्यातील. त्यातच पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत आहे. हा विकार पहिल्या अपत्यात अधिक. म्हणजे जन्म साताऱ्यात किंवा रत्नागिरीत नोंदलेला आणि ओकारी डोंबिवलीत सुरू झालेली, असे सहज घडू शकते. अंश एका वहीत, छेद दुसऱ्या वहीत. मग प्रमाण काढावयाचे कशाचे?

म्हणून एखाद्या रुग्णालयात अशी मुले पूर्वीपेक्षा अधिक आली, एवढ्यावरून विकार वाढला असे म्हणता येत नाही. सोनोग्राफीने निदान सुलभ झाले, वस्ती वाढली, दूरची मुले पोहोचू लागली, यांमुळेही आकडा फुगतो. यास्तव रुग्णालयीन नोंदीत मातेच्या नेहमीच्या निवासाचे गाव व प्रभाग, मुलाचे जन्मस्थान, कितवे अपत्य आणि ओकारी सुरू झाल्याचा दिवस, एवढ्या गोष्टी लिहिल्या गेल्या पाहिजेत.

गावपातळीवरील साधन हाताशी आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने घरच्या घरी नवजात बालकांची काळजी घेण्याची पद्धत सिद्ध केली. २०११ पासून देशभर लागू झालेल्या कार्यक्रमात आशा कार्यकर्ती ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जाते. शेवटच्या तीन भेटी याच विकाराच्या ऐन काळात येतात. त्या वेळी वजन घ्यावे आणि एकच प्रश्न अगत्याने विचारावा : “बाळ पाजल्यावर जोरात ओकते का, आणि ओकल्यावर पुन्हा मागते का?” उत्तर होकारार्थी असेल, तर दूध बदलून पाहण्यात दिवस न दवडता मूल त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

पंचायत सदस्यांनी वाहनाची सोय पाहावी, शिक्षकांनी पालकसभेत ही लक्षणे सांगावीत, अधिकाऱ्यांनी वह्या जुळवाव्यात. प्रमाण वाढते की घटते, याचे उत्तर त्या वह्या कालांतराने देतील. ओकणाऱ्या मुलाला मात्र तितका वेळ नसतो.