आधी पायवाट, मग डांबर

पुसेगावहून बोलतोय. हिंगोलीवालं, साताऱ्याचं नाही! मूल उशिरा बोललं की माझी मावशी आधी त्याच्या आईलाच विचारते, ग्रहण पाळलं होतंस का?

पोटातल्या बाळाची चेतापेशी वाढते तेव्हा तिच्या लांब तंतूच्या टोकाला पंजा असतो. स्पेनच्या काहालने तो १८९० मध्ये कोंबडीच्या भ्रूणात ओळखला. पंजाची बोटं अ‍ॅक्टिनच्या धाग्यांची. ती चाचपतात, पकडतात, ओढतात. मागून मायक्रोट्यूब्यूल, म्हणजे २५ नॅनोमीटर जाडीच्या नळ्या, येऊन रस्ता पक्का करतात. पेशीचा सांगाडा म्हणतात तो हाच.

पुण्याच्या आयसरमध्ये अर्णब घोष यांच्या गटानेही कोंबडीचंच भ्रूण घेतलं. पेपर २०१६ चा. फॉर्मिन-२ हे प्रथिन कमी केलं, तर बोटांची टोकं नीट टिकेनात, वाढ मंदावली, भ्रूणात तंतू वाट चुकले. याच प्रथिनाचं जनुक बिघडलेल्या काही माणसांत बौद्धिक अक्षमता आढळलीय.

उशिरा बोलणाऱ्या प्रत्येक मुलाचं कारण हेच, असं अजिबात नाही. पण ग्रहणात आईने विळी धरली का, हे त्या धाग्यांना कळत नाही. मावशी, ऐकतेस ना?